भिंत उजव्या हाताला ठेवा : ससून डॉक ते भाऊचा धक्का, मुंबई बंदराची पायी भटकंती

मुंबईचा समुद्र म्हटलं की लोक मरीन ड्राइव्ह नाहीतर जुहू गाठतात. हा पश्चिमेचा समुद्र हवा खायला उत्तम, पण शहर घडलं ते पूर्व किनाऱ्यावर. नैऋत्येकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यांचा मारा मुंबईचं बेट स्वतः झेलतं आणि पूर्वेला, त्याच्या आडोशाला, खोल आणि शांत पाणी मिळतं. गलबतं तिथे लागली, म्हणून किल्ला तिथे उभा राहिला. वखारी, टांकसाळ, कस्टम हाउस आणि गोद्या त्यामागून आल्या. आज हा किनारा बहुतेक ठिकाणी नौदलाच्या आणि बंदराच्या भिंतीआड आहे. कुलाब्यापासून माझगावपर्यंत तुम्हा-आम्हाला पाण्यापर्यंत जाता येईल अशा जागा मोजक्याच उरल्यात.

म्हणून या भटकंतीचा नियम सोपा ठेवलाय : दक्षिणेकडून उत्तरेकडे चालायचं आणि पाणी किंवा भिंत कायम उजव्या हाताला ठेवायची. रस्ता चुकण्याची भीती राहत नाही. भिंतीपलीकडे काय आहे हे ठाऊक असेल तर भिंतसुद्धा बघण्यासारखी होते.

निघण्याआधी

चालणं सगळं मिळून सहा-सात किलोमीटरचं आहे, मध्ये लोकलचा एक छोटा टप्पा. पहाटे साडेपाचला सुरुवात केलीत तर दुपारी दोन-अडीचपर्यंत आरामात होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्या दोन महिन्यांत ससून डॉकवर बघण्यासारखं फारसं काही नसतं. नारळी पौर्णिमेच्या आसपास हंगामाला पुन्हा जोर येतो.

वार निवडताना बुधवार किंवा शुक्रवार घ्या. मासे खाणाऱ्या मराठी घरांत बुध-शुक्र-रवि हे ठरलेले वार, त्यामुळे त्या पहाटे डॉकवर चांगली धांदल असते. रविवारीही मासळी असते, पण पुढे बॅलार्ड इस्टेट ओस पडलेलं असतं. कचेऱ्यांची माणसं, टपऱ्या, कुरिअरवाले यांच्याशिवाय तो भाग अर्धाच कळतो.

आणखी एक गोष्ट बघा, ती म्हणजे तिथी. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, जे येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. वद्य पक्षातही मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून करायची. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण भटकंतीला पुरतो. सप्तमी-अष्टमीच्या आसपास गेलात तर ससून डॉक पाण्याने भरलेला दिसेल आणि भाऊच्या धक्क्यावर पोचाल तेव्हा पाणी उतरलेलं असेल. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. जहाजं आत घेऊन पाणी कोंडून ठेवणाऱ्या, दरवाजे असलेल्या गोद्या बांधाव्या लागल्या त्या यामुळेच.

पायात मागून बंद असलेले रबरी किंवा धुता येतील असे बूट हवेत. चपला नकोत, डॉकवर बर्फाचं आणि मासळीचं पाणी घोट्यापर्यंत उडतं. पाण्याची बाटली, टोपी, ओळखपत्र आणि थोडे सुटे पैसे जवळ ठेवा.

ससून डॉक : पहाट

चर्चगेट किंवा सीएसएमटीहून टॅक्सीने या, नाहीतर कुलाबा आगाराकडे जाणारी बेस्ट पकडा. गेटवर गर्दीचा ओघ आत चाललेलाच असतो, त्याच्याबरोबर चालत राहा. कॅमेरा बाहेर काढण्याआधी गेटवरच्या रक्षकाला विचारा. इथे फोटोंवर निर्बंध आहेत, आणि परवानगी असली तरी काम करणाऱ्या बाईच्या तोंडासमोर मोबाइल धरणं बरं दिसत नाही.

डॉक बांधला अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून यांनी, १८७५ साली, समुद्रात भराव घालून. बगदादहून आलेल्या ज्यू व्यापारी घराण्याचे ते वारस. त्याआधी जहाजं खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माल पडावांतून, म्हणजे छोट्या होड्यांतून, किनाऱ्यावर यायचा. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला, वाफेच्या बोटींची वर्दळ वाढली आणि हा खोळंबा कुणालाच परवडेना. ससून यांनी खाजगी डॉक काढल्यावर सरकार जागं झालं आणि १८७९ मध्ये तो विकत घेतला. मुंबई पोर्ट ट्रस्ट तोवर स्थापन झाला होता, १८७३ मध्येच. कापसाच्या व्यापारासाठी बांधलेला हा डॉक आज मासळीचा आहे.

आत शिरल्यावर लगेच गर्दीत घुसू नका. दगडी गोदामांच्या कडेला पाच मिनिटं उभे राहा, म्हणजे कामाचा क्रम लक्षात येतो. बोट धक्क्याला लागते. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, वरून काहीतरी ओरडतो, खलाशी खणातली मासळी टोपल्यांत भरतात आणि टोपली हातोहात वर येते. खाली ढीग पडतो आणि त्याच्याभोवती कोंडाळं होतं. लिलाव पुकारणारा इतक्या भराभर आकडे म्हणतो की नवख्याला बोली संपल्यावरच ती सुरू होती हे कळतं. बोली जिंकलेली कोळीण पैसे मोजण्याआधी मूठभर बर्फ ढिगावर फेकते आणि मगच कनवटीला हात घालते. मासळीचा भाव दर मिनिटाला उतरतो, बर्फ आधी.

पापलेट, सुरमई, बोंबील, मांदेली, माकुल, मुशी, ढोमा. ओळखीचे मासे ओळखा, अनोळखी विचारा. कोळणी सांगतात, फक्त हातातलं काम संपेपर्यंत थांबायचं. थोडं पुढे शेडमध्ये कोळंबी सोलणाऱ्या बायका ओळीने बसलेल्या असतात. कोळंबीचं डोकं मोडायचं, अंगठ्याने साल काढायची, सोललेली एका टोपलीत आणि सालं दुसरीकडे, हे सगळं त्या हाताकडे न बघता, शेजारणीशी बोलत करतात. मला या सबंध वाटेवर सर्वांत जास्त वेळ इथेच उभं राहावंसं वाटतं. मुंबई बंदराची ही एकच जागा आहे जिथे बंदराचं काम, कामाच्याच वेगात, हाताच्या अंतरावरून बघता येतं.

ढकलगाडीवाल्याची “बाजू, बाजू!” ही हाक आली की आधी बाजूला व्हा, मग मागे बघा. मासळी विकत घेऊ नका, पुढे सात तास ती मिरवत फिरावं लागेल. सूर्य वर आला की बाहेर पडा.

ज्यांना एक किलोमीटर जास्त चालायला हरकत नाही त्यांनी इथून दक्षिणेला अफगाण चर्च बघून यावं. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या चर्चचा उंच मनोरा येणाऱ्या जहाजांना खूण म्हणून उपयोगी पडायचा. वेळ कमी असेल तर सोडा.

पालवा बंदर

डॉकबाहेर शहीद भगतसिंग मार्गाने उत्तरेकडे चाला. न्याहारी करायची तर कुलाबा कॉजवेवर ऑलिंपियाचा खिमापाव आहे, शाकाहारी मंडळींना पुढे इडली-उपमा सहज मिळतो. कॉजवेवरची दुकानं आज बघायची नाहीत, ती एवढ्या सकाळी उघडतही नाहीत. आर्थर बंदर रोडला उजवीकडे वळा. दोन-तीन मिनिटांत समोर पाणी दिसतं. डावीकडे वळून समुद्राच्या कठड्याने ताजमहाल हॉटेलकडे चालत राहा. या पट्ट्यात भिंत नाही, उजव्या हाताला सरळ पाणीच आहे, म्हणून इथे पाय मुद्दाम सावकाश टाका.

गेटवे ऑफ इंडिया सगळ्यांनी पाहिलेला असतो, तरी बंदराचा भाग म्हणून पुन्हा पाहा. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी डिसेंबर १९११ मध्ये इथे उतरले तेव्हा ही कमान नव्हतीच. पायाचा दगड १९१३ मध्ये बसला, जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बेसाल्टची ही वास्तू पुरी होऊन ४ डिसेंबर १९२४ ला खुली झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून बोटीत बसली. चोवीस वर्षं सुद्धा धड झाली नव्हती. गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतले तेही याच पालवा बंदरावर, ९ जानेवारी १९१५ ला, कमान उभी राहायच्या आधी. समोरच्या बागेतला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ चा.

कमानीच्या मागच्या बाजूला पायऱ्या पाण्यात उतरतात. तिथून समोर पाहिलं की घारापुरीचं बेट दिसतं, आणि डाव्या हाताला नौदलाच्या युद्धनौका. त्यांचे फोटो काढू नका. घारापुरीची लाँच आज घ्यायची नाही, त्याला स्वतंत्र दिवस लागतो, आणि सोमवारी लेणी बंद असतात.

स्वच्छतागृह इथेच वापरून घ्या. पुढची चांगली सोय थेट सीएसएमटीला.

भिंत सुरू होते

गेटवेकडून यॉट क्लबच्या बाजूने रिगल चौकात या. समोर महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. आत जाता येत नाही, पण रस्त्याच्या पलीकडे उभे राहून इमारतीच्या माथ्यावरचं शिल्प बघा : समुद्रदेव नेपच्यून आणि त्याचा लवाजमा. पोलिसांच्या कचेरीवर हा देव कशाला? कारण १८७६ मध्ये ही इमारत पुरी झाली ती खलाशांचं वसतिगृह म्हणून. रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम हे तिचं पहिलं नाव. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, ज्यांनी पुढे व्हिक्टोरिया टर्मिनस बांधलं. महिनोन्‌महिने समुद्रावर राहून आलेला खलाशी पगार हातात पडल्यावर गुत्त्यांत लुबाडला जाऊ नये, म्हणून त्याला बंदराजवळ स्वच्छ खोली द्यायची, ही कल्पना त्या काळी बऱ्याच मोठ्या बंदरांत रुजली होती.

इथून शहीद भगतसिंग मार्गाने उत्तरेला निघा. उजवीकडे नौदल गोदीची उंच भिंत आणि थोड्या वेळाने लायन गेट लागतं. थांबून आत डोकावण्याचा प्रयत्न करू नका, मोबाइलही खिशातच ठेवा. समोरच्या फुटपाथवर झाडांची सावली आहे, तिथे उभे राहा.

या भिंतीपलीकडे काय घडलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराला १७३० च्या दशकात मुंबईत आणलं. जहाजं बांधायला चांगली जागा शोधून काढणं हे त्यांचं पहिलं काम. १७५० मध्ये इथे सुकी गोदी तयार झाली. जहाज आत घ्यायचं, दार लावून पाणी काढायचं आणि कोरड्यात तळ दुरुस्त करायचा, अशी सोय असलेली आशियातली ही पहिली गोदी. पुढे दीडशेच्या आसपास वर्षं वाडिया घराण्यातल्या मुख्य बांधणाऱ्यांनी ही गोदी सांभाळली. इंग्लंडात ओकची टंचाई होती आणि मलबारचा साग ओकपेक्षा टिकाऊ होता, म्हणून ब्रिटिश आरमारानेही इथे युद्धनौका बांधून घेतल्या. १८१३ मध्ये बांधलेल्या कॉर्नवॉलिस या नौकेवर १८४२ साली चीनबरोबरचा नानकिंगचा तह झाला. ऑक्टोबर १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ट्रिंकोमाली ही फ्रिगेट जातीची युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. दोनशे वर्षांचा साग, मुंबईच्या सुतारांच्या हातचा. तिच्या जन्मस्थानी मात्र रस्त्यावरून तुम्हाला फक्त भिंत दिसते. लायन गेटसमोर ट्रिंकोमालीची साधी पाटी तरी हवी असं मला मनापासून वाटतं.

याच परिसरात सेंट अँड्र्यूज चर्च आहे आणि त्याच्या शेजारी एके काळी बर्फघर होतं. १८३० च्या दशकापासून अमेरिकेतल्या बोस्टनजवळच्या तळ्यांमधला बर्फ, भुशात गुंडाळून, जहाजाने चार महिने प्रवास करून मुंबईत यायचा आणि या घरात साठवला जायचा. पहाटे ससून डॉकवर फावड्याने भिरकावलेला बर्फ आठवा, त्याच शहरात तो कधीकाळी श्रीमंतांच्या मेजवानीतली चैन होता.

टाउन हॉलच्या पायऱ्या

उजवीकडे जुनं कस्टम हाउस मागे टाकलं की टाउन हॉल येतो : पांढरे डोरिक खांब आणि रुंद पायऱ्या. १८३३ ची ही इमारत, आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. नाना शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळा आत आहे, उघडं असेल तर जरूर बघा. पायऱ्यांवर बसून पाय मोकळे करा आणि समोरचं हॉर्निमन सर्कल नजरेसमोरून पुसून टाका. तिथे उघडं मैदान होतं, त्यावर कापसाच्या गासड्यांचे ढिगारे रचलेले असायचे, निर्यातीची वाट बघत. १८६१ ते ६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात मँचेस्टरला तिथला कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचे भाव आले, आणि त्या पैशातून पुढची मुंबई उभी राहिली. किल्ल्याचे तट पाडले गेले तेही याच दशकात.

पाठीमागे, टाउन हॉलच्या आडच, आय.एन.एस. आंग्रे हा नौदलाचा तळ आहे आणि त्याच्या आवारात मूळच्या बॉम्बे कॅसलचे अवशेष. ज्या कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हणत, त्यांचं नाव इंग्रजांच्या पहिल्या किल्ल्याला मिळालं, हे स्वतंत्र भारताच्या नौदलाने फार छान केलं. फेब्रुवारी १९४६ च्या नाविकांच्या उठावातही इथे गोळीबार झाला होता.

सर्कलच्या पलीकडचं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ चं. आत भिंतींवरची स्मारकं वाचा. कुणी लढाईत गेलेलं, कुणी वाटेत, जहाजावर. बंदराची किंमत तिथे नावानिशी लिहिलेली आहे.

बॅलार्ड इस्टेट

टांकसाळ मागे टाकून उजवीकडे वळलात की आवाज कमी होतो, रस्ते सरळ होतात आणि इमारतींची उंची एकसारखी दिसू लागते. इथली सगळी जमीन भरावाची. अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेली माती-दगड टाकून बावीस एकर जागा मिळवली आणि १९१४ ते १९१८ या काळात जॉर्ज विटेट यांनी आखून दिलेल्या धर्तीवर व्यापारी वसाहत उभी राहिली. पोर्ट ट्रस्टचे पहिले प्रमुख कर्नल बॅलार्ड यांचं नाव तिला मिळालं. अलेक्झांड्राचा आता इंदिरा डॉक झालाय.

दोन गोष्टी शोधा. शूरजी वल्लभदास मार्गावरचा पहिल्या महायुद्धाचा स्मारकस्तंभ ही पहिली. पोर्ट ट्रस्टच्या युद्धात गेलेल्या माणसांसाठी तो आहे. सिंदिया हाउस ही दुसरी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजींबरोबर १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, आणि त्यांचं ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून देशी जहाजधंदा बुडवायचा चंग बांधला होता, त्या काळात. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आहे.

रस्त्याच्या टोकाला बॅलार्ड पिअर. विलायतेची डाक आणि प्रवासी बोटीतून उतरून इथेच आगगाडीत बसायचे. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल इथून थेट पेशावरकडे जाई. आता गेटाआड क्रूझचं टर्मिनल आहे, तिकिटाशिवाय प्रवेश नाही.

जेवायचं इथेच. १९२३ पासून चाललेल्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव खायचा असेल तर फक्त दुपारी उघडं असतं हे ध्यानात ठेवा आणि बारा वाजायच्या आत पोचा. नाहीतर कचेऱ्यांच्या गल्ल्यांत राइस प्लेट उत्तम मिळते.

लोकलने तीन स्टेशनं

इथून पी. डिमेलो मार्गाने सरळ भाऊच्या धक्क्यापर्यंत चालता येतं, पण चालू नका. वर फ्रीवे, खाली ट्रक, दोन्ही बाजूंना बंद फाटकं. वालचंद हिराचंद मार्गाने सीएसएमटीला या आणि हार्बरची गाडी पकडा. मशीद, सँडहर्स्ट रोड, मग डॉकयार्ड रोड.

मशीद सुटल्यावर उजवीकडच्या वस्तीपलीकडे १८८० चा प्रिन्सेस डॉक आणि १८८८ चा व्हिक्टोरिया डॉक होता. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज लागलेलं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, आणि सोबत कापसाच्या गासड्या. कापसाला आग लागली, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने त्याहून मोठा दुसरा. शेकडो माणसं गेली, आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यांत होते. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. गाळ काढताना त्या पुढे कित्येक वर्षं सापडत राहिल्या. दोन्ही डॉक आता भराव टाकून बुजवलेत. मोठी कंटेनर जहाजं १९८९ पासून पलीकडे न्हावाशेव्याला लागतात.

डॉकयार्ड रोडला उतरलात की स्टेशनला लागूनच टेकडी आहे, वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. लोकमान्यांचे सहकारी काका बाप्टिस्टा माझगावचेच. पूर्वी इथे माझगावचा किल्ला होता. दिवसभर जी भिंत उजव्या हाताला होती ती इथून पायाखाली येते : क्रेन, शेड, धक्के, जहाजं आणि पलीकडे रायगडचा किनारा. फाटक बंद दिसलं तर आधी धक्का उरका आणि परतताना चढा.

भाऊचा धक्का

स्टेशनच्या पूर्वेकडून फ्रीवेखालून पलीकडे जा आणि मॅलेट बंदर रस्ता धरा. विचारत गेलात तरी चालेल, ‘भाऊचा धक्का’ म्हटल्यावर कुणीही हात करतं. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी बांधलेल्या धक्क्याचं हे नाव; लोक त्यांना भाऊ म्हणत.

कोकणातल्या कितीतरी घरांची मुंबई इथूनच सुरू झाली. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी आगबोट बंदरं घेत जायची. गावाला धक्का नसेल तर बोट लांब उभी राहायची आणि चाकरमानी ट्रंक, वळकटी, पोरंबाळं घेऊन पडावात उतरायचे. १७ जुलै १९४७ ला, आषाढ अमावास्येला, ‘रामदास’ बोट इथून रेवसला निघाली आणि वादळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं होतं, त्या गडबडीत देशाच्या आठवणीतून रामदास लवकर पुसली गेली. अलिबाग, रेवस आणि गिरगाव-परळच्या घरांनी ती विसरली नाही.

आता इथून उरणजवळच्या मोऱ्याला आणि रेवसला लाँच सुटतात आणि मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट. गेटवेची मांडवा सेवा पावसाळ्यात बंद राहते तेव्हाही भाऊच्या धक्क्यावरून बोटी चालू असतात. अंगात अजून दम असेल तर मोऱ्याचं तिकीट काढा. जाऊन लगेच परतलात तरी गोद्या, नौका आणि सकाळपासून चाललेला सगळा किनारा पाण्याच्या बाजूने दिसतो. बसण्याआधी खिडकीवर परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ विचारून घ्या. रेवसला जायचं असेल तर ओहोटीचीही चौकशी करा, तिथल्या खाडीत गाळामुळे पाणी कमी असताना फेऱ्या खोळंबतात. लाइफ जॅकेट कुठे ठेवलीत ते चढल्याबरोबर बघून ठेवा आणि उन्हात बसायचं नसेल तर लवकर रांगेत उभे राहा. परतल्यावर डॉकयार्ड रोड स्टेशनला शेअर टॅक्सी मिळते.